रविवारी खेळायचा हुकूम

या, असे जवळ या. पिकॅनच्या झाडाची सावली मोठी आहे, जरा सरकून बसलात तर सगळे मावाल. ज्याला खुर्ची नसेल त्यानं बादली पालथी घालावी. एक आख्यान लावतो. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक बाई आहे, तिचा भाऊ आहे, एक तळं आहे आणि सरकारचा एक कायदा आहे. जन्मभर राबलेल्या बाईला त्या कायद्यानं सांगितलं, की बाई, तू खेळ. नुसती खेळ. कामाला हात लावलास तर गाठ आमच्याशी आहे. ऐका तर.

भांडणाला तोंड फुटलं ते चर्चच्या पायरीवर. जुलैचा शेवटचा रविवार, उपासना नुकती सुटलेली. ऊन असं, की मोटारीच्या दाराला हात लावावा तर कातडी तिथंच राहावी. कापसाला बोंडं धरत होती आणि आमची काळी चिकण माती तोंड वासून पावसाची वाट बघत पडली होती. बायका आपापल्या हॅटा सावरत पायऱ्या उतरत होत्या. तेवढ्यात व्हर्डेल आक्का पाळक टॉलिव्हरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. काठीसारखी सरळ बाई, आवाज कधी चढवायची नाही. तिचा आवाज खाली गेला की माणसं घाबरायची.

“पाळकबुवा,” ती म्हणाली, “आज तुमी मला भर मंडळीत गुन्हेगार केलंत.”

पाळकांचा घाम पुसायचा रुमाल मानेवरच थबकला. त्यांनी तर व्यासपीठावरून तिचं कौतुक केलं होतं. ऑगस्टातल्या दुसऱ्या रविवारी आमचा माहेरचा रविवार असतो. शिकागोला, डेट्रॉईटला गेलेली पोरंबाळं त्या दिवशी न्यू हारमनी ग्रोव्हला माघारी येतात, झाडांखाली जेवणं होतात आणि नव्या लेकरांचे बाप्तिस्मे मागच्या तळ्यात होतात. पाळकांनी जाहीर केलं होतं, की यंदा सिस्टर व्हर्डेल आपलं ड्रोन उडवून मंडळीसाठी या सोहळ्याचं चित्रण करतील, ते मंडळीच्या इंटरनेटच्या पानावर लागेल, आणि ज्यांना येणं जमलं नाही ते तिकडं बसून बघतील. सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं.

“आवो सिस्टर, मी चांगलंच बोललो की तुमच्याबद्दल.”

“तितंच घोटाळा झाला. मी खेळणार हुते, तुमी त्याचं काम करून ठिवलं. आता मला उडवता येत न्हाई. आन् मी उडवलं न्हाई तर माजा दादा बघणार कसा?”

एवढं बोलून ती गाडीत बसली आणि गेली. पाळक बघत राहिले, आम्हीही बघत राहिलो. आता यातला गुंता सोडवून सांगतो.

ड्रोन तिच्याकडं आलं ते वीज सोसायटीच्या वार्षिक सभेत. दरवर्षी सभेला चिठ्ठ्या काढून बक्षिसं वाटतात, नाहीतर हिशेब ऐकायला कोण येतंय. आक्काचा डोळा होता मोठ्या फ्रीजरवर. त्यात एक अख्खं डुक्कर मावलं असतं. पण तिच्या नावाची चिठ्ठी निघाली ती ह्या चार पंखांच्या कोळ्याची. घरी आणून तिनं ते टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडं असं बघितलं, की दारात कुणी परकं पोर सोडून गेलं असावं.

दुसरी कुणी असती तर अंगणात नेऊन सोडून दिलं असतं हवेत. पण आक्कानं जन्मभर शाळेची बस चालवलेली. रेल्वेच्या रुळांशी बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा आणि मगच पुढं जायचं, असा बसवाल्यांना नियम आहे. आमच्या गिरणीजवळचे रूळ केव्हाच उखडून नेले, तिथं गवत वाढलं, पण पाटी राहिली होती. पाटी आहे तोवर आक्का थांबायची, दार उघडायची आणि गवताचा आवाज ऐकून पुढं जायची. लोक हसायचे. तिच्या बसमधल्या एकाही लेकराला कधी खरचटलं नाही, तेव्हा हसणारेही आपली पोरं तिच्याच बसमध्ये घालायचे.

असली बाई. तिनं आधी विमान खात्याचे नियम मिळवले आणि शास्त्र वाचावं तसे वाचले. यंत्र पिकॅनच्या बिया तोलायच्या काट्यावर घालून बघितलं, तर पाव किलोच्या वर भरलं. म्हणजे सरकारदरबारी नोंद आली. गुराला डाग देतात तसा नंबर त्याच्या पाठीवर चिकटवला. चारशे फुटांच्या वर न्यायचं नाही. डोळ्यांआड जाऊ द्यायचं नाही. माणसांच्या डोक्यांवरून न्यायचं नाही. आणि माणूस बसलेलं विमान जवळ आलं की आपण बाजूला व्हायचं, त्यात वाद नाही. मग एक परीक्षा. ती परीक्षा अशी, की चुकलात तर बरोबर उत्तर सांगून पुन्हा विचारतात. तिच्यात नापास व्हायचं म्हटलं तरी जमत नाही. आक्कानं मात्र तिच्यासाठी उपास केला.

आणि ह्या सगळ्या नियमांच्या मुळाशी एक नियम होता, तो तिच्या घशात अडकला. ह्या साध्या परवानगीवर उडवायचं ते निव्वळ मौजेखातर. कुणाचं काम करायचं नाही. पैसे घेतले तर नाहीच, पण फुकट, परोपकार म्हणून, संस्थेसाठी केलंत तरी ते कामच. काम करायचं तर परवाना वेगळा, त्याची मोठी परीक्षा दूरच्या शहरात, आणि तिला बसायला महिना महिना अभ्यास हवा.

आता आमच्यात मौज हा शब्द जरा जपून काढतात. बिनकामाचे हात सैतानाच्या उपयोगी पडतात, असं ऐकत आम्ही मोठे झालो. आक्का टीव्ही बघायची ती शेंगा सोलत, आणि फोनवर बोलायची ती भांडी घासत. तिनं मला विचारलं होतं, की नुसत्या मौजेखातर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं. मी म्हटलं, आक्का, मला तरी कुठं ठाऊक.

तिला ते शिकवलं तिच्या भावानं.

होझिया बायनम म्हणजे आमच्या मंडळीचा थोरला डीकन, पाळकांच्या हाताखालचा सेवेकरी. तळ्यात बाप्तिस्मा असला की सगळ्यांच्या आधी एक माणूस लांब काठी घेऊन पाण्यात उतरतो, तळ चाचपतो, खड्डा कुठं, बुंधा कुठं, साप कुठं ते बघतो आणि मग मागच्यांना या म्हणतो. वर्षानुवर्षं ती काठी होझियादादाच्या हातात होती. आमच्यातल्या निम्म्या लोकांना देवाकडं जायची वाट आधी त्याच्या काठीनं तपासलेली. पुढं साखरेनं त्याचे दोन्ही पाय नेले, गुडघ्याखाली. जखम अजून ओली होती. डॉक्टरनं ऊन आणि धक्के दोन्ही बंद केले होते. चौघं धरून खुर्चीसकट तळ्यावर नेऊ म्हणाले, तर त्यांना त्यानं हाकलून दिलं. ज्या तळ्यात मी पुढं चाललो तिथं मला पोत्यासारखं नेता काय, म्हणाला.

तो जुन्या बंधाऱ्यावरच्या घरात राहायचा. तळं त्याच्या ओसरीपासून एका शेताच्या अंतरावर, पण बांधाच्या पलीकडच्या खोलगटात. आभाळ दिसायचं, पाणी दिसायचं नाही. आक्का संध्याकाळी त्याच्या अंगणातून ड्रोन उडवायची आणि ड्रोनमधलं चित्र दाखवणारा पडदा त्याच्या मांडीवर ठेवायची. आणि तो बघायचा. बदकं बघायचा. बांधावर उन्हाला बसलेली कासवं मोजायचा. आपल्याच छपरावर कुणाचा तरी जुना चेंडू सापडला तेव्हा डोळ्यांत पाणी येईतो हसला. हेच मौजेखातर, आक्काच्या लक्षात आलं. कुणाचं काही अडलेलं नाही आणि तरी करावंसं वाटतंय.

त्या वर्षी बाप्तिस्मा होता झारियाचा, होझियादादाच्या पणतीचा. दादाला तो बघायचा होता. खोलगटात फोनला रेंज नसते, तेव्हा फोनवरून दाखवणं नाही. नंतर चित्रफीत आणून दाखवू म्हटलं तर म्हणाला, “झालेलं दावू नगा मला. हुताना बगायचंय.” पुढच्या वर्षीपर्यंत थांबू, असं कुणी म्हटलं नाही. तोही म्हणाला नाही. त्याच्याकडं बघणाऱ्याला ते कळत होतं.

आता कळलं ना पाळकांनी काय केलं ते? भावाला दाखवायला बहीण उडवते, ही मौज. मंडळीसाठी चित्रण करते, हे काम. एका आमेनमध्ये सगळं फिरलं.

लोकांनी आपापल्या परीनं तिला समजावलं. कोण बघतंय, म्हणाले. सरकार काय कापसात लपून बसलंय काय, म्हणाले. पाळकांचं ऐक आणि मनात मौज धर, म्हणाले. आक्का प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची. हा पहिला कायदा असा भेटला की जो विचारतो, यंत्र वर जाताना तुझ्या मनात काय आहे. खालच्याला फसवता येईल, वरच्याला कसं फसवू?

ह्या उत्तराला आमच्यात तोड नाही. लोक चिडले आणि आपापल्या कामाला लागले.

त्यातच अर्नेस्टीन पॉ रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड पाई घेऊन तिच्या दारात गेली. अर्नेस्टीनच्या नातवाचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी होता. तुझ्या चित्रणात माझं पोरगं येईल, म्हणून आनंदानं पहाटे उठून तिनं ती केली होती. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्यात एक वेळ पोटच्या पोराला वाईट म्हटलेलं खपतं, पाईला नाही. आणि भांडं रिकामं परत जात नाही. पाई आली की भांड्यातून भेंडी जाणार, भेंडी गेली की लोणचं येणार, असं ते मरेपर्यंत चालतं.

आक्कानं जाळीचं दार उघडलंच नाही.

“अर्नेस्टीन, तुजं मन मोठं. पन मी ही घेतली तर पगारी हुईन.”

“पाईनं?”

“पाईनं. उडवन्याबद्दल काय बी घ्यायचं न्हाई.”

अर्नेस्टीन पाई हातात धरून तशीच उभी. मग म्हणाली, “व्हर्डेल, माजी आई मेली तवा तू तीन दिस माज्या सैपाकघरात राबलीस, आन् मी तुला एक कप कॉफी दिली. मग तवा तू काय हुतीस?”

“तवा मी उडवत नव्हते गं.”

अर्नेस्टीन तिथून निघाली ती तरातरा थेट होझियादादाच्या ओसरीवर. पाई आपटली आणि म्हणाली, ही होझियाला. तो काय उडवत नाही. दादाला साखरेमुळं बोटही लावता येईना. शेवटी ती मी संपवली. कुणीतरी संपवायलाच हवी होती. पण तेव्हापासून अर्नेस्टीन आक्काच्या बाकावर बसेना.

बुधवारी प्रार्थनेची बैठक संपल्यावर आक्का मागं थांबली. खुर्च्या लावायच्या निमित्तानं मीही थांबलो. तिनं पाळकांना सांगितलं, की जसं व्यासपीठावरून बांधलंत तसं व्यासपीठावरूनच सोडवा.

पाळकांनी आधी तिला टाळायचा प्रयत्न केला. चित्रण नको तर नको, मी खाजगीत सांगतो चौघांना. ती म्हणाली, चौघांना सांगाल आणि उरलेले त्या दिवशी मंडळीचं काम समजून माझ्याकडं हात करतील. सगळ्यांपुढं सांगा, की मंडळीनं व्हर्डेलकडं काही मागितलेलं नाही.

“आन् मंग तुमी त्या दिवशी काय करणार म्हनून सांगू?”

“खेळणार म्हनून सांगा.”

पाळक खुर्चीवर बसले. “सिस्टर व्हर्डेल. तुमी मंडळीच्या आई हाय. पांढऱ्या कपड्यात पैल्या बाकावर बसता. माहेरच्या रविवारी सगळं गाव देवाच्या कामात आसताना तुमी भावाच्या अंगणात खेळत बसनार, आसं मी व्यासपीठावरून बोलू? आयुष्यभराचं नाव जाईल तुमचं.”

आक्कानं हातातली पर्स ह्या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं आता डगमगली. कारण नावाशिवाय तिच्याकडं दुसरं होतं काय? लग्न केलं नव्हतं, लेकरू नव्हतं, बस दुसऱ्याच्या हातात गेली होती. सरळ बाई, एवढं नाव उरलं होतं.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “दादाचे पाय गेले. माजं नाव गेलं तर काय बिगडलं? पन त्यानं बगितलं पायजे.”

मग आला रविवार. आता मी तुम्हाला सांगतो, प्रवचन नुसतं बोललेलं मला पचत नाही. ते गाऊन यायला हवं. आमच्या टॉलिव्हरबुवांचं प्रवचन आधी पायी चालतं, मग दुडकी धरतं, आणि ऑर्गनवाल्यानं मागून सूर टोचला की चौखूर सुटतं. पण त्या दिवशी ते निवेदनांच्या जागी उभे राहिले तेव्हा आवाज अगदी कोरडा होता. बटाट्याच्या सॅलडला किती अंडी लागतील ते सांगितलं. मग घसा खाकरला. मागच्या रविवारी माझी चूक झाली, म्हणाले. मंडळीनं सिस्टर व्हर्डेलकडं काही मागितलेलं नाही. चित्रण होणार नाही, पानावर काही लागणार नाही. सिस्टर व्हर्डेल त्या दिवशी मंडळीचं काहीही काम करणार नाहीत. त्या खेळणार आहेत.

पहिल्या बाकावरचे कागदी पंखे थांबले. मागं कुणीतरी खुदकन हसलं. अर्नेस्टीननं मान वळवून आक्काकडं असं बघितलं की लोणी आंबावं. आक्का सरळ समोर बघत होती, पण तिच्या गळ्याची शीर उडत होती.

पाळकांनी ते बघितलं. कागद मिटला. मग अगदी हळू, बोलल्यासारखं म्हणाले, “मी इचार करतोय, काजव्याचा.”

“करा, बुवा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“देवानं बैलाला खांदा दिला, त्यो वडायला.”

“व्हय.”

“कोंबडीला पोट दिलं, त्ये अंडं द्यायला.”

“खरं हाय.”

“पन काजव्याला दिवा दिला,” आणि इथं ऑर्गनवाल्याच्या बोटाला खाज सुटली, एक सूर आला, “त्यो कुनाच्या वाटंवर धरायला?”

झालं. दुडकी धरली. “माशाला मिशा दिल्या, त्या कुनाला दावायला? सांजच्याला ढगाला रंग दिला, त्यो कुनाच्या हिशोबात धरला?” प्रत्येक ओळीला मंडळी हुंकार द्यायला लागली, पाय आपटायला लागली. “ही बाई राबली,” ते गात होते आता, “पाटी व्हती तितं थांबली, पाटी नव्हती तितं बी थांबली. आमच्या मढ्यापाशी राबली, आमच्या लग्नात राबली. तिनं कवा म्हटलं, की आता मी बसते? कवा म्हटलं?” “कवाच न्हाई,” मंडळी म्हणाली. “आन् आज सरकार इचारतंय, बाई, तुज्या मनात काय हाय? आन् बाईच्या मनात हाय भाऊ. आन् भावाच्या मनात हाय पाणी. आरं, ह्यो खेळ आसंल तर,” आणि रुमाल हवेत गेला, “मला बी खेळू द्या.”

अर्धं चर्च उभं होतं. मी कधी उभा राहिलो ते मला आठवत नाही. आक्का तेवढी बसून होती, चष्मा पुसत होती. अर्नेस्टीन उठली नाही. पण तिचा पाय ताल धरत होता, आणि ते मी बघितलेलं तिला आवडलं नाही.

माहेरच्या रविवारी माणूस मावेना. मोटारी गवतातून पार कापसापर्यंत लागल्या. मला दादाच्या खुर्चीला सावली धरायचं काम दिलं होतं. माझ्यावर विमान खात्याचा काही निर्बंध नव्हता. दादानं डीकनाचा पांढरा शर्ट घातला होता, पांढरे हातमोजे चढवले होते. आक्कानं आपली ठेवणीतली हॅट काढून पडद्याला उन्हाची आड म्हणून टेकवली आणि ड्रोन उडवलं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर, माणसांपासून बाजूला, आम्हाला अंगणातून दिसेल असं तिनं ते आभाळात टांगून ठेवलं.

पडद्यावर तळं आलं. बांधावर रंगीत हॅटांची रांग, पाण्यात पाळक, पुढं काठी घेऊन नवा डीकन, आणि त्यांच्या मागं पांढऱ्या झग्यातली लेकरं. झारिया सगळ्यांत शेवटी.

“काठी डावीकडं टाक,” दादा पडद्याला म्हणाला. “डावीकडं खड्डा हाय, गाढवा.”

“दादा, सूचना दिऊ नगंस. कामात धरतील.”

एकेक लेकरू बुडून वर येत होतं. अर्नेस्टीनचा नातू तर ओरडतच वर आला. मग झारियाची पाळी आली. ती पाण्यात कमरेपर्यंत उतरली. पाळकांचा हात तिच्या पाठीवर गेला. बांधावरून गाणं उठलं. ते आमच्यात असं म्हणतात, की एकजण ओळ टाकतो आणि बाकीचे ती ओळ लांबवत लांबवत नेतात. शेवटच्या ओळीला डोकं पाण्याखाली जातं. दादानं हातमोज्यातली बोटं एकमेकांत घातली.

आणि कालव्याच्या बाजूनं फवारणीचं पिवळं विमान आलं.

रविवारी फवारणी? होय, अळी काय रविवार पाळते? पलीकडच्या सोयाबीनवर ते खाली उतरलं, पट्टा मारून वर उठलं आणि वळायला आमच्या तळ्याकडं झुकलं.

आक्काचा अंगठा हलला. ड्रोन खाली यायला लागलं.

“व्हर्डे, थांब,” दादा म्हणाला. “झाडाच्या शेंड्याखाली धर. जरासंच ऱ्हायलंय.”

“त्यात मानूस बसलाय, दादा.”

“त्यो लांब हाय.”

“वळतोय.”

“व्हर्डे. मी तुज्याकडं आजवर काय मागितलंय?”

तिच्या तोंडावरची रेषा हलली नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं ड्रोन आमच्या पुढ्यातल्या गवतावर आणून ठेवलं. पंखे थांबले. पडद्यावर नुसतं गवत. दादानं तोंड फिरवलं. विमान डोक्यावरून गेलं, पिकॅनची पानं थरथरली. मी कुणाकडं बघू तेच मला कळेना.

तिकडं गाणं चालू होतं. शेवटची ओळ आली, आम्ही ती ऐकली. लांबली, उतरली. आता संपणार. मग पाण्याचा आवाज येणार, मग सगळे हालेलुया म्हणणार.

पण कुणीतरी पहिली ओळ परत टाकली.

दादाचा चेहरा हळूहळू वळला. विमान पट्टा मारून फिरून आलं. गाणं पुन्हा शेवटापर्यंत आलं आणि पुन्हा सुरुवातीला गेलं. ह्या खेपेला ओळ टाकणारा आवाज बाईचा होता, आणि अर्नेस्टीनचा फाटका आवाज गावात कुणाला ओळखू येत नाही?

“थांबल्यात त्ये,” दादा म्हणाला. “व्हर्डे, ती पोरगी पाण्यात उबी हाय. समदे थांबल्यात.”

आक्का आभाळाकडं बघत होती. विमान येत होतं, जात होतं, आणि बांधापलीकडून तेच गाणं पुन्हा पुन्हा यायचं, प्रत्येक खेपेला जरा जास्त मोठ्यानं, मध्येच हसण्याचा आवाज, मध्येच कुणाच्या तरी टाळ्या. कुठल्याशा फेरीनंतर विमानातलं औषध संपलं असावं. ते वर चढलं, कालव्याच्या दिशेनं लहान लहान होत गेलं आणि आवाजही विरला. तरी आक्का थांबली, कान देऊन. मग तिनं यंत्र उचललं.

पडद्यावरचं चित्र वर वर गेलं आणि तळं पुन्हा दिसलं. सगळी माणसं आभाळाकडं तोंड करून बघत होती. बांधावरच्या हॅटा हलत होत्या. पाळक छातीपर्यंत भिजले होते आणि हात उंच करून रुमाल फिरवत होते. झारिया पाण्यात दोन्ही हात हलवत उड्या मारत होती. गाणं शेवटच्या ओळीवर आलं, पाळकांनी तिच्या नाकावर हात ठेवला, आणि ती गेली पाण्याखाली, आणि आली वर.

होझियादादानं हालेलुया म्हटलं नाही. पांढरा हातमोजा पडद्यावर ठेवला, तिच्या ओल्या डोक्यावर ठेवावा तसा. मग म्हणाला, “झालं. उतरव आता, व्हर्डे. दमली आसशील.”

“थांब जरा,” आक्का म्हणाली.

आणि तिनं ड्रोन तळ्यावरून बाजूला काढून आमच्या मोकळ्या रानावर आणलं, आणि गोल फिरवलं. परत फिरवलं. खाली आणून कापसाच्या शेंड्यांवरून सपकन नेलं, पुन्हा उंच चढवलं. तिथं बघायला काही नव्हतं, दाखवायला कुणी नव्हतं. ती हसत होती, खालचा कवळीचा दात दिसेपर्यंत, आणि दादा पडदा सोडून तिच्याकडंच बघत होता.

पुढच्या माहेरच्या रविवाराला होझियादादा नव्हता. तळ्यात काठी नव्या डीकनानं धरली, डावीकडं टाकून धरली. तर मंडळी, एवढं करा. कुठंही चौघं मिळून गात असाल, गाणं संपत आलं असेल आणि कुणी एकजण अजून पोचायचा राहिला असेल, तर पहिली ओळ परत टाका. पाण्यात उभं राहून पाय आखडले तरी टाका. आणि टाकताना आमच्या होझिया बायनमची आठवण काढा.